पाव मैलाआधीची तयारी

पोरी, 1969 ची शेव्हेल घेतलीस, तीही एसएस 396! गाडी देखणी आहे आणि तुझा जीव तिच्यावर का जडला ते मला कळतं. पण ट्रॅकवर न्यायची घाई जरा आवर. साडेसहा लिटरचं हे व्ही-एट इंजिन पन्नासहून जास्त वर्षं जुनं आहे. आधी त्याची नस ओळख.

सगळ्यात महागडं नुकसान ऑइलपायी होतं, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. तुझ्या इंजिनातले टॅपेट सपाट बुडाचे आहेत. कॅमशाफ्टचे उंचवटे त्यांच्यावर सतत घासत फिरतात आणि मधे जस्त-फॉस्फरसचा जो पातळ थर धरतो, तोच दोघांना वाचवतो. हल्लीच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. तुझ्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. तेव्हा जुन्या इंजिनांसाठी मिळतं ते, जस्त जास्त असलेलं ऑइल घे. कधी नवा कॅम बसवलास तर पहिल्यांदा चालू होताच इंजिन 2000 ते 2500 आरपीएमवर ने आणि वीसेक मिनिटं तिथेच ठेव. अजिबात आयडलिंगला सोडू नकोस. कॅमवर ऑइल उडतं ते क्रँक जोरात फिरतो तेव्हाच. म्हणून चावी फिरवण्याआधी टायमिंग, पाणी, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल, सगळं तयार हवं. चालू होत नाही म्हणून नुसता स्टार्टर मारत बसलीस, तर नव्या कॅमचं वंगण तिथेच पुसलं जातं.

पेट्रोल प्रीमियमच भर. या इंजिनाचं कॉम्प्रेशन सव्वादहाच्या घरात आहे, साधं पेट्रोल त्याला सोसत नाही. चढावर इंजिनातून खडखड ऐकू आली की लगेच पाय काढ, आणि घरी येऊन टायमिंग थोडं मागे घे. पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉलने मऊ पडून चिरतात. ते यंदाच बदल, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणं जिवावर बेतू शकतं.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव, असं तुला दहा जण सांगतील. बसवायला माझी हरकत नाही, पण आधी पॉइंट लावायला शीक. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला एक छोटी खिडकी आहे, ती वर सरकते. इंजिन चालू ठेवून आत षटकोनी पाना घाल आणि स्क्रू घड्याळाच्या दिशेने अगदी हळू फिरव. इंजिन अडखळायला लागलं की थांब आणि अर्धा फेरा उलटा घे. मग मीटर लाव, ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, 30 अंशांच्या आसपास दिसेल. कॅमला घासणाऱ्या ठोकळ्यावर ग्रीसचा ठिपका लाव, ठिपकाच. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं. हे एकदा हाताखालून गेलं की इंजिन का अडखळतं ते कानाला कळायला लागतं, आणि तो कान नंतर कुठलीही गाडी घेतलीस तरी तुझ्याजवळ राहतो.

टायरवर नक्षी शिल्लक दिसली म्हणून भुलू नकोस. बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघ. 1218 म्हणजे 2018 चा बारावा आठवडा. जुना टायर दिसायला धडधाकट असतो आणि वेगात फाटतो. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांनी बदलत जा.

आता शर्यत. आपल्या मिशिगनमधल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर साठच्या दशकात रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत गाड्या लावायचे. तिथेच ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ भरते, तेव्हा ते किस्से हौसेने ऐक. पण रस्त्यावर कुणाशी गाडी लावायची नाही. हे मी हात जोडून सांगतो. कुणी शेजारी येऊन इंजिन घुमवलं तर त्याला पुढे जाऊ दे.

ट्रॅकवर ब्रॅकेट रेसिंगपासून सुरुवात कर. पाव मैल आपली गाडी किती सेकंदांत कापेल ते आधीच सांगायचं, आणि सांगितल्यापेक्षा लवकर पोचलीस तर बहुधा तूच हरतेस. त्यामुळे इथे सगळ्यात वेगवान गाडीपेक्षा दर वेळी तीच वेळ देणारी गाडी जिंकते, आणि ती गॅरेजमध्येच तयार होते. रस्त्याचे टायर असतील तर बर्नआउटच्या पाण्याला वळसा घालून जा, नाहीतर नक्षीत अडकलेलं पाणी तू सुरुवातीच्या रेषेवर आणून सांडशील. तिसरा पिवळा दिवा लागला की निघ. हिरव्याची वाट पाहिलीस तर उशीर झाला. नियम काहीही म्हणो, हेल्मेट पहिल्या फेरीपासून घाल.

फेरी झाली की जी चिठ्ठी मिळते तिच्यावरचे पहिल्या 60 फुटांचे आकडे आधी वाच. तिथे गमावलेला दशांश शेवटी दीडपट-दुप्पट होऊन दिसतो. चिठ्ठीमागे हवेचं तापमान आणि टायरमधली हवा लिहून ठेव. दोन फेऱ्यांमध्ये एकच गोष्ट बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

आणि हो, अँटिफ्रीझ सांडला तर ट्रॅक निसरडा होतो म्हणून बऱ्याच ठिकाणी रेडिएटरमध्ये नुसतं पाणी लागतं. मिशिगनच्या पहिल्या गारठ्याआधी ते काढून अँटिफ्रीझ भर, नाहीतर ब्लॉक तडकेल. रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी गॅरेजमध्ये घे. टाकी भरून स्टॅबिलायझर टाक आणि दहा मिनिटं इंजिन चालव, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. बॅटरीला मेंटेनर जोड. सायलेन्सरच्या नळ्या उंदरांसाठी जाळीने बंद कर आणि स्टीअरिंगला चिठ्ठी बांध, म्हणजे एप्रिलमध्ये चावी लावायच्या आधी जाळी काढायची आठवण राहील.