टाक्यांऐवजी गोंद आणि तो टिकवणारे रसायनतज्ज्ञ

नीटचा निकाल लागला की पूर्व विदर्भातल्या सौंदडसारख्या गावात विज्ञान शाखेच्या मुलांच्या घरी दोनच वाक्ये ऐकू येतात. गुण चांगले असतील तर "एमबीबीएसला नंबर लागेल ना?" आणि नसतील तर "मग आता बीएस्सी कर". दुसरे वाक्य हताश सुरात येते, आणि तो सूर चुकीचा आहे. डॉक्टरच्या हातातली कितीतरी साधने रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी घडवलेली असतात. शस्त्रक्रियेत वापरला जाणारा गोंद हे त्यातले एक.

या गोंदाशी आपल्या धानाच्या पट्ट्याचा जवळचा संबंध आहे. कापणी-मळणीच्या दिवसांत धानाचे पाते किंवा तूस डोळ्याला लागते. साध्या ओरखड्यातून बुरशीचा संसर्ग होतो, डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर व्रण होतो आणि उपचाराला उशीर झाला तर पडद्याला छिद्र पडते. छिद्र लहान असेल तर नेत्रतज्ज्ञ त्यावर सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा थेंब लावून ते बुजवतात. त्यामुळे डोळा वाचवायला वेळ मिळतो. त्वचेवरची स्वच्छ, सरळ जखम टाक्यांशिवाय मिटवायला आणि जठरातल्या फुगलेल्या शिरांचा रक्तस्राव थांबवायलाही याच कुळातला गोंद वापरतात.

घरातली फेविक्विक याच घराण्यातली, पण ती जखमेवर कधीही लावू नये. त्यातले इथाइल सायनोअ‍ॅक्रिलेट शरीरात लवकर विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड सोडते आणि ऊतींना इजा करते. वैद्यकीय गोंदात ब्युटाइल किंवा ऑक्टाइल अशी लांब साखळी असते. ती सावकाश विघटित होते, म्हणून शरीराला सोसते.

१९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्या शोधात हाती आलेला सायनोअ‍ॅक्रिलेट हा पदार्थ सगळ्यालाच चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ मध्ये त्याची खरी किंमत लक्षात आली, १९५८ मध्ये तो बाजारात आला, आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवायला तो फवाऱ्यातून वापरला गेला. त्वचेसाठीच्या ऑक्टाइल गोंदाला अमेरिकेत मान्यता मिळायला मात्र १९९८ उजाडले.

या गोंदाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. कुपीत त्याने महिनोन्‌महिने द्रव राहायचे आणि जखमेवर पडताच मिनिटाच्या आत घट्ट व्हायचे. त्याला घट्ट करायला पाण्याचा अंश किंवा सौम्य अल्कली पुरते, त्यामुळे कुपीत शिरलेली ओलसर हवाही त्याला बिघडवते. साध्या काचेच्या पृष्ठभागावर अल्कली असते, म्हणून काच कोणती घ्यायची हासुद्धा संशोधनाचा विषय ठरतो. गोंद टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड किंवा फॉस्फोरिक आम्लासारखे आम्ल अत्यल्प प्रमाणात घालतात. उष्णता आणि प्रकाशाने सुरू होणारी साखळी अभिक्रिया रोखायला हायड्रोक्विनोन किंवा बीएचए लागते. आम्ल कमी पडले तर गोंद कुपीतच थिजतो. जास्त झाले तर तो जखमेवर चिकटायला वेळ लावतो, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर तेवढा वेळ नसतो. निर्जंतुकीकरणाचा पेच वेगळाच आहे. गॅमा किरणांनी जंतू मरतात, पण त्याच किरणांनी गोंद घट्ट व्हायला लागू शकतो.

ही कुपी मुंबईच्या वातानुकूलित भांडारात सहज टिकेल. प्रश्न आहे तो मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना ट्रकमधून महामार्गाने पूर्व विदर्भातल्या एखाद्या रुग्णालयात पोहोचणाऱ्या कुपीचा. मोठ्या रुग्णालयात फ्रिज बंद पडला तर दुसरा असतो, लहान ठिकाणी नसतो. या भागातला उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला या संशोधनाची निकड कोणी पटवून द्यावी लागत नाही.

गोंद टिकवण्याचे हे काम करणारे लोक दिवसभर करतात तरी काय? कार्ल फिशर पद्धतीने पाण्याचा अंश मोजतात आणि व्हिस्कोमीटरवर गोंद किती घट्ट होत चालला आहे ते पाहतात. नमुने ठरावीक तापमानाच्या स्टॅबिलिटी चेंबरमध्ये ठेवून ठरलेल्या तारखांना तपासतात. तापमान १० अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ५५ अंशांवरचे सुमारे ४६ दिवस म्हणजे २५ अंशांवरचे एक वर्ष. पण ठोकताळ्यावर कुपीवरची तारीख कायमची ठरत नाही, खऱ्या वेळेचे नमुनेही ठेवावेच लागतात. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यामुळे अशा नोंदी ठेवणारी आणि त्या नियामकासमोर मांडणारी माणसे कंपन्यांना लागतात.

वाटा अनेक आहेत. अकरावीत गणित सोडले नसेल तर एमएचटी-सीईटीतून अभियांत्रिकीचा रस्ता खुला राहतो. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली नागपूरची एलआयटी आणि १९३३ पासूनची मुंबईची आयसीटी या दोन्ही ठिकाणी पॉलिमरचे शिक्षण मिळते. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांना बी. फार्म. आहे. बीएस्सी रसायनशास्त्रासाठी गोंदियातच धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आहे, आणि सौंदड हे गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे स्टेशन आहे. पदवीनंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी आणि पुढे नेट देऊन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएचडी करता येते. रक्तातल्या प्रथिनांपासून बनणाऱ्या फायब्रिन गोंदावर ज्या संस्थेने काम केले, त्या तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतही पीएचडी होते.

पालकांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. हा मार्ग लांबचा आहे. नुसत्या बीएस्सीवर बहुधा क्वालिटी कंट्रोलमधली सुरुवातीची नोकरी मिळते आणि संशोधनाच्या जागेसाठी एमएस्सी, अनेकदा पीएचडी लागते. कामाच्या जागाही पुणे, मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद अशा शहरांत. मुलीला "इतक्या लांब कशाला" म्हणून थांबवणार असाल तर तो निर्णय आजच तिच्याशी बोलून घ्या, पदवीनंतर नको. एका वर्षापुरती नीट पुन्हा द्यायला हरकत नाही, पण मुलाचे मन रसायनात रमत असेल तर तिसऱ्या प्रयत्नाचे पैसे एमएस्सीसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा स्वतः पाहून या. प्रात्यक्षिके खरोखर होतात का, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. जॅमसाठी आणि एमएस्सीच्या प्रवेशासाठी बारावीला कोणते विषय लागतात, तेही अकरावीचा फॉर्म भरण्यापूर्वीच तपासा.