आधी टब रिकामा कर

ओंकार,

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. बदकाची चार पिल्लं टबात पोहताहेत आणि तुम्ही सगळे टाळ्या पिटताय. फोनवर तू नुसता ‘हो हो’ करतोस आणि आईकडे देतोस, म्हणून लिहूनच पाठवते. आधी तो टब रिकामा कर.

बदकाची पिल्लं पाण्यात जन्मल्यासारखी पोहतात हे खरं. पण आई बरोबर असली की ती त्यांना लगेच पंखाखाली घेते, तिथे ती सुकतात, ऊब धरतात. तुझी पिल्लं अंडी उबवायच्या मशीनमधली, त्यांना ती पंखांची सोय नाही. अंगावर नुसती लव आहे, खरी पिसं पुरती यायला सात-आठ आठवडे लागतील. लव भिजली की पिल्लू गारठतं, आणि गारठलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत मान टाकतं. अंगावर पिसं दिसू लागली की उन्हाच्या वेळी, तू समोर बसून, उथळ पाण्यात पाच मिनिटं सोड. मग जुन्या पंच्याने टिपून परत उबेत.

प्यायचं पाणी मात्र खोल हवं. चोचीवरच्या नाकपुड्या बुडाल्या पाहिजेत, कारण नाक आणि डोळे ती त्याच पाण्यात धुतात. पण अख्खं पिल्लू आत उतरता कामा नये. पसरट भांड्यात स्वच्छ गोटे टाक, म्हणजे चोच जाईल, अंग जाणार नाही. जरा शेजारी बसून बघ: चोचभर खाद्य घेतील, तरातरा पाण्याकडे जातील, तिथे ते कालवतील, अर्धं सांडतील, पुन्हा खाद्याकडे. दिवसभर हाच उद्योग. कोरडं खाद्य त्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून पाण्याशिवाय खाद्य कधी ठेवायचं नाही. रात्री उचललंस तर दोन्ही उचल. भांडं जाळीच्या ताटलीवर ठेव, उबेच्या बल्बपासून लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे सांडलवंड अंथरुणात जाणार नाही. तरीही खाली पसरलेला भाताचा तूस ओला होणारच. ओला दिसला की काढ, उद्यावर ढकलू नकोस.

खाली वर्तमानपत्र घालतोस ते बंद कर. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि कधीकधी तसेच राहतात. पहिले काही दिवस गोणपाट, मग भाताचा तूस.

उबेसाठी पिवळा साठ वॅटचा बल्ब शोध. दुकानदार एलईडी पुढे करेल. त्याने उजेड पडतो, ऊब नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२-३३ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश उतरवत जा. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. बल्बखाली एकावर एक चढून ओरडत असतील तर थंडी वाजतेय. लांब जाऊन चोच उघडून धापत असतील तर उकडतंय. इकडेतिकडे पसरून झोपली असतील तर बरोबर. बल्ब नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नकोस, तारेने पक्का बांध, तूस पेटायला वेळ लागत नाही. पावसात वीज जाणारच. तेव्हा गरम पाण्याची बाटली जुन्या साडीत गुंडाळून आत ठेव.

खाण्याचं सांगते. नुसती तांदळाची कणी घालू नकोस. पोट भरतं, पण पाय वाकतात. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-३, कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं आणि पांढऱ्या तांदळात ते नावालाच. पिल्लांचं स्टार्टर खाद्य आण, औषध न घातलेलं आहे ना ते विचारून घे, आणि बी-कॉम्प्लेक्सचं प्रमाण गुरांच्या डॉक्टरांकडून घे. जोडीला बारीक चिरलेला पाला, सापडले तर गांडुळं. पाव नको.

आणि कुबट वासाचं खाद्य, मका, शेंगदाण्याची पेंड, फुकट मिळाली तरी घरात आणू नकोस. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पटापट मेल्या, बदकांची पिल्लंही गेली. कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्या बुरशीच्या विषाला नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. बदकाचं पिल्लू त्याला इतकं लवकर बळी पडतं की पुढे विष तपासायलाही हीच पिल्लं वापरत.

छोट्या रेवाच्या मागे तुझी पिल्लं रांगेने फिरतात, हे मला आवडलं. कोनराड लॉरेंझ नावाच्या शास्त्रज्ञामागे हंसांची पिल्लं अशीच फिरायची. त्याला १९७३ मध्ये नोबेल मिळालं. रेवाला नोबेल नाही, पण हात साबणाने धुवायला लाव, पिल्लाचे मुके घेणं बंद. आणि दार ढकलताना खाली बघा, मागे लागलेलं पिल्लू पायाखाली येतं.

खुराडं आताच बांधायला घे. जाळी बारीक हवी. घूस रात्री येते, मुंगूस आणि घार-कावळे दिवसा. डक प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात द्यायची असते, सरकारी दवाखान्यात आधी विचारून ठेव, लस नेहमी हाताशी असतेच असं नाही.

दोनेक महिन्यांनी आवाज फुटतील. जोरात ‘क्वॅक’ करेल ती मादी, घोगरा आवाज तो नर. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. तुझ्या चारांत दोन-तीन नर निघाले तर ते माद्यांना छळून काढतील, म्हणून जादा नर कोणाला द्यायचे ते आईशी आणि रेवाशी आत्ताच बोलून ठेव. नावं ठेवून झाल्यावर अवघड जातं.

तुझी,
आत्या