परसातच जिरावे सांडपाणी

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर नळपाणी पुरविण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ दारात आला म्हणजे डोक्यावरची घागर उतरते. परंतु वापरलेले पाणी जाणार कोठे, याचा विचार बहुधा मागाहून होतो. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे दोनतृतीयांश पाणी न्हाणी व मोरीतून पुन्हा बाहेर पडते. दीड हजार वस्तीच्या गावास दररोज ८२,५०० लिटर पाणी मिळाले, तर त्यातील पन्नास-पंचावन्न हजार लिटर गल्लीत उतरणार, हे उघड आहे.

पुरेसा उतार नसलेल्या गटारात हे पाणी तुंबते. क्युलेक्स जातीचा डास अशाच घाण पाण्यात वाढतो आणि हत्तीरोगाचा प्रसारही तोच करतो. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांना या रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. शिवाय तुंबलेले पाणी पिण्याच्या विहिरीत झिरपण्याचे भय असतेच.

भुयारी गटारे, पंप आणि शुद्धीकरण यंत्रणा यांचा खर्च व देखभाल लहान ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील नव्हे. त्यापेक्षा पाणी घरापाशीच जिरविणे सोयीचे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन डासांना आळा घातला. पुढे जिल्ह्यातील इतर गावांनीही हा मार्ग धरला व रोजगार हमी योजनेतून अशी कामे झाली.

खड्ड्याची रचना साधी आहे. सुमारे चार फूट लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा खणून त्याच्या मध्यभागी, वरच्या बाजूस छिद्रे असलेली सिमेंटची टाकी बसवितात. भोवती दगड भरतात. सांडपाणी टाकीत आले की गाळ तळाशी बसतो, निवळलेले पाणी छिद्रांतून दगडांमध्ये उतरते व तेथून जमिनीत मुरते. दगडांवर वाढणारे सूक्ष्म जीव पाण्यातील सेंद्रिय घाण खातात.

पुष्कळ खड्डे निकामी होतात ते मात्र याच गाळामुळे. राख, भाताची शिते, तेलकटपणा व साबणाचा साका दगडांच्या फटी बुजवितो आणि पाणी वर येऊ लागते. म्हणून मोरी व खड्डा यांच्यामध्ये जाळीचे लहान कुंड हवे आणि ते आठवड्यातून एकदा तरी साफ झाले पाहिजे. टाकीतील गाळही अधूनमधून उपसावा लागतो. खड्डा खणण्यास अनुदान मिळते, कुंड साफ करण्यास मिळत नाही. त्यामुळे हे काम घरच्यांनाच करावे लागते.

जमिनीचा विचारही महत्त्वाचा. काळी माती ओली झाली की फुगते व पाणी फारसे शोषीत नाही. तेथे खड्डा खालच्या मुरमापर्यंत न्यावा. कातळावर किंवा पावसाळ्यात भूजल अगदी वर येणाऱ्या कोकणातील जागी शोषखड्ड्याचा आग्रह धरू नये. तेथे केळी, कर्दळ, अळू यांची परसबाग अधिक उपयोगी. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा किमान १५ मीटर दूर असावा, आणि शौचालयाचे पाणी त्यात मुळीच सोडू नये.

डेंग्यूचा डास मात्र घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शोषखड्ड्याने तो हटत नाही. त्यासाठी रांजण व टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करण्याचा परिपाठ चालूच ठेवला पाहिजे.

दाट वस्तीत, जेथे घरास परसच नाही, तेथे चार-पाच घरांमिळून एक मोठा खड्डा घेता येतो. तरीही उरणारे पाणी गावाच्या उताराकडील स्थिरीकरण तळ्यांत नेतात. एकामागून एक अशा उथळ तळ्यांत ते काही दिवस राहते. ऊन, शेवाळ व जीवाणू आपले काम करतात. हे पाणी झाडांना किंवा चाऱ्याच्या पिकास द्यावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस नव्हे. काठावरचे गवत दर पावसाळ्यानंतर कापावे लागते, अन्यथा डास तेथेच आसरा घेतात.