नवी सेवा आधी एका रुपयाने पारखावी
कासूसारख्या गावातील आपल्या दुकानदार बांधवांनी पैसे घेण्याचे नवे अ‍ॅप वापरावे का? वापरावे, पण पारखून, असे आम्ही म्हणू. यूपीआय २०१६ साली सुरू झाले. पहिल्या दिवशी घरच्याच माणसाकडून एक रुपया मागवावा, तो खात्यात जमा झालेला पाहावा, मगच क्यूआर गल्ल्यावर लावावा. गिऱ्हाईकाने मोबाईलवर दाखवलेले चित्र म्हणजे पैसे नव्हेत; संदेशही बनावट असतो. स्वतःचे खाते उघडून पाहिल्याशिवाय माल देऊ नये. ओळखीच्या माणसापुढे संकोच वाटतो खरा, पण गल्ला आपला आहे. पैसे घेताना पिन लागत नाही. 'रक्कम पाठवतो, पिन टाका' म्हणणारा भामटाच समजावा. फसगत झालीच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. उशीर झाला की रक्कम दुसऱ्या खात्यात निघून जाते.