मूठभर पीठ आणि दोन काटक्या

शब्बाथशाळेचा पाठ. शास्त्रवाचन : १ राजे १७:७–१६

असहायता व दारिद्र्य ही एकच होत असे पुष्कळांस वाटते. परंतु दरिद्री मनुष्य थोडक्यात का होईना, आपला कारभार आपण चालवितो. असहाय मनुष्याची उद्याची भाकर दुसऱ्याच्या मर्जीवर असते, आणि हे त्यास ठाऊक असते. हे ठाऊक असणेच त्यास भुकेहून अधिक जाळते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरास औरंगाबाद म्हणत त्या काळी, १९७२ साली, जो दुष्काळ पडला त्याची आठवण वडील मंडळी अजून सांगतात. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरे मिळेल त्या भावाने गेली. पैठणास गोदावरीवर जायकवाडीची भिंत तेव्हा उभी राहत होती, पण तिचे पाणी अद्याप कोणाच्या शेतात आले नव्हते. सरकारने रस्त्यांची व तलावांची कामे काढली; १९७३ च्या मे महिन्यात साऱ्या महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लक्ष मजूर होते. ज्यांच्या दारी कालपर्यंत सालगडी राबत, असे शेतकरीही त्यांत होते. खडी फोडताना गडी व मालक ह्यांच्या हातांस फोड सारखेच आले. पण गड्यास भूक ओळखीची होती, मालकास नव्हती, आणि लोक पाहत आहेत ही लाज त्यास हातोड्याहून जड झाली. परमुलखातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर दोघांनीही खाल्ली.

आता सारफथच्या विधवेकडे पाहा. ती काटक्या वेचीत होती. मूठभर पिठाची भाकर करावी, मुलासह खावी आणि मग मरावे, असे तिने सरळ सांगितले. तिच्या बोलण्यात रडणे नाही, कोणावर राग नाही. ज्यांनी अशी घरे पाहिली आहेत त्यांस हा शांतपणा ओळखता येईल. तो विश्वासाचा असतोच असे नाही, कित्येकदा तो थकव्याचा असतो.

आणि तिच्याकडे मागावयास कोण आला? एलीया. त्याचा करीथ ओहोळ आटला होता. ईजबेल राणी ज्या सीदोन्यांची कन्या, त्यांच्याच मुलखात, परक्या विधवेच्या दारी, देवाचा संदेष्टा पाणी व भाकर मागतो! उपदेशकांनी येथे थोडे थांबावे. देणारा व घेणारा ह्यांपैकी अधिक असहाय कोण, हे ह्या वेशीवर सांगता येत नाही. बाईजवळ द्यावयास काही आहे असे त्या दिवशी दुसऱ्या कोणासच वाटले नसते.

पुढे तिची कोठी भरली असे शास्त्र म्हणत नाही. पीठ सरले नाही व तेल आटले नाही, इतकेच. म्हणजे दररोज सकाळी तिला मडक्यात हात घालूनच पाहावे लागले असेल. विश्वास ठेवला की भीती एका दिवसात जाते, असे मंडळीत सांगणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

दुष्काळ हा अमक्याच्या पापाचा दंड, असे तर कोणत्याही घरी बोलू नये. धान्यासाठी दारी आलेल्याचा हेतू तपासू नये. एलीयाही भाकरीसाठीच आला होता. मागणाऱ्याची मान कशी राहते ह्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. त्या दुष्काळाच्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा, असे त्यात ठरले. खडी तीच, कुदळ तीच. पण दयेने मिळालेले काम व हक्काने मागितलेले काम ह्यांत घरी जाताना चालण्याचाच फरक पडतो.

मंडळीच्या वतीने धान्य नेणाऱ्या बंधूंनी ते दिवसाढवळ्या, चावडीसमोरून नेऊ नये. त्या घरी बसावे, तांब्याभर पाणी मागून प्यावे, आणि घरच्या बाईस जात्यावरची ओवी येत असेल, किंवा शिवणटिपण येत असेल, तर मंडळीच्या कामासाठी ती तिच्याकडे मागावी.