हेडफोनच्या वर्धकाचा वर्धनांक कसा निवडावा

हेडफोनवर संगीत ऐकणारे काही श्रोते संगीतसाधन व हेडफोन यांच्यामध्ये एक लहानसा वर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर, जोडतात. अशा पुष्कळ वर्धकांवर ध्वनिनियंत्रकाखेरीज आणखी एक कळ असते. तिच्याजवळ ‘गेन’ असे लिहिलेले असून तिला ‘लो’ आणि ‘हाय’ अशी दोन, क्वचित् तीन, स्थाने असतात. ही कळ ‘हाय’वर ठेवली म्हणजे यंत्राची शक्ती वाढते व संगीत अधिक खुलते, असा समज बराच रूढ आहे. हा समज बरोबर नाही. इतकेच नव्हे, तर प्रसंगी तो कानांना अपायकारकही ठरतो. म्हणून या कळीचे कार्य नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

वर्धनांक म्हणजे काय?

वर्धकातून बाहेर पडणाऱ्या विद्युत् दाबास त्यात शिरणाऱ्या विद्युत् दाबाने भागले असता जी संख्या मिळते, तिला वर्धनांक अथवा गेन म्हणतात. अर्धा व्होल्ट आत गेला व दोन व्होल्ट बाहेर आले, तर वर्धनांक ४ झाला. हेच प्रमाण डेसिबलमध्येही सांगतात : दाब दुप्पट होणे म्हणजे सुमारे ६ डेसिबल, चौपट होणे म्हणजे १२ डेसिबल व दसपट होणे म्हणजे २० डेसिबल.

वर्धनांक इतका नेमका ठरविता येतो, याचे श्रेय अमेरिकन अभियंता हॅरल्ड ब्लॅक याच्या एका कल्पनेस आहे. २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाण्यासाठी नावेतून हडसन नदी ओलांडीत असता, हातातील वृत्तपत्राच्या पानावर त्याने ती टिपून ठेवली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा ठराविक अंश उलट करून पुन्हा प्रवेशाकडे आणावयाचा, अशी ही योजना आहे. तिला ऋण प्रतिसंभरण म्हणतात. हा अंश किती असावा हे दोन रोधकांच्या गुणोत्तरावरून ठरते. गेनची कळ फिरविली असता बहुधा यांपैकी एक रोधक बदलतो. यापलीकडे वर्धकात काही घडत नाही.

अर्थात् वर्धकाची कमाल शक्ती या कळीने वाढत नाही. ती त्याला पुरविलेल्या विद्युत् दाबावर व त्याच्या प्रवाह देण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते. घरातील नळाचा दृष्टान्त घेतला तर हे स्पष्ट होईल. ध्वनिनियंत्रक ही तोटी आणि वर्धनांक ही छपरावरील टाकीची उंची. टाकी फार उंच ठेवली, तर तोटी किंचित् उघडताच पाणी अंगावर उसळते. फार खाली ठेवली, तर तोटी पूर्ण उघडूनही धार बारीक राहते. टाकी उंच नेल्याने तिच्यातील पाणी मात्र वाढत नाही.

आवश्यकता कशी मोजावी?

प्रत्येक हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे दिलेले असतात : संरोध, जो ओहममध्ये सांगतात; आणि संवेदनक्षमता, म्हणजे एक मिलिवॉट शक्ती दिली असता किती डेसिबलचा ध्वनी निघतो तो आकडा. काही निर्माते संवेदनक्षमता एक व्होल्टास अनुसरून देतात. म्हणून कोणता आकडा दिला आहे हे प्रथम पाहावे.

दोन उदाहरणे घेऊ. पहिल्या हेडफोनचा संरोध ३२ ओहम व संवेदनक्षमता मिलिवॉटला १०३ डेसिबल आहे. एक व्होल्ट दाबाने त्यात सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती जाते. ही वाढ १५ डेसिबलची असल्याने एक व्होल्टास ११८ डेसिबल ध्वनी मिळेल. दुसऱ्याचा संरोध ३०० ओहम व संवेदनक्षमता ९५ डेसिबल आहे. त्यात एक व्होल्टाने केवळ ३.३ मिलिवॉट जातात. म्हणून एक व्होल्टास सुमारे १०० डेसिबल मिळतील.

संगीतातील क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबलची तरतूद पुष्कळ झाली. पहिल्या हेडफोनला त्यासाठी सुमारे ०.४ व्होल्ट लागतील, तर दुसऱ्याला सुमारे ३.२ व्होल्ट. घरगुती सीडी वादकाच्या निर्गमावर जास्तीत जास्त सुमारे २ व्होल्ट मिळतात. तेव्हा पहिल्या हेडफोनला वर्धनांक १ देखील गरजेच्या पाचपट आहे. दुसऱ्याला १.६ इतका वर्धनांक हवा. १ व ४ अशी दोनच स्थाने असतील, तर त्याच्यासाठी ४ निवडणे योग्य ठरेल. फोन किंवा संगणक यांचा निर्गम दाब पुष्कळदा याहून कमी असतो. तेथे त्या प्रमाणात अधिक वर्धनांक लागेल. एकच कळ एका हेडफोनला योग्य व दुसऱ्याला अयोग्य का ठरते, हे यावरून ध्यानात येईल.

अधिक वर्धनांकाचे दोष

पहिला दोष खरखरीचा. वर्धकाच्या प्रवेशभागात उत्पन्न होणारा सूक्ष्म गोंगाटही वर्धनांकाच्या पटीत वाढतो. संवेदनक्षम हेडफोनवर तो आलापीतील विरामांत स्पष्ट ऐकू येतो.

दुसरा दोष दोन्ही कानांतील असमतोलाचा. साध्या ध्वनिनियंत्रकात डाव्या व उजव्या बाजूसाठी दोन वेगळ्या रोधपट्ट्या असतात. फिरण्याच्या आरंभीच्या भागात त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. वर्धनांक मोठा असला म्हणजे नियंत्रक नेमका याच भागात ठेवावा लागतो व गायकाचा आवाज एका बाजूस झुकल्यासारखा वाटतो.

तिसरा दोष विकृतीचा. २ व्होल्ट हे तरंगाचे प्रभावी मूल्य असून त्याचे शिखर सुमारे २.८ व्होल्ट असते. वर्धनांक ४ असता ते ११ व्होल्टांपलीकडे जाऊ पाहते. ९ व्होल्टांच्या दोन विद्युत् घटांवर चालणारा वर्धक मात्र कोणत्याही बाजूस ९ व्होल्टांपलीकडे जाऊ शकत नाही. साहजिकच तरंगाचा माथा छाटला जातो. काही वर्धकांत ध्वनिनियंत्रक वर्धन झाल्यानंतरच्या टप्प्यावर असतो. तेथे आवाज कितीही कमी केला तरी ही विकृती जात नाही. वर्धनांक कमी करणे हाच उपाय.

चौथा दोष सर्वांत गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ध्वनी ऐकणे सुरक्षित मानले जाते. आणि दर ३ डेसिबल वाढीस हा काळ निम्मा होतो. ध्वनिनियंत्रक तसाच ठेवून वर्धनांक १ वरून ४ वर नेला, तर १२ डेसिबल वाढतात व ४० तासांची मर्यादा अडीच तासांवर येते. कानातील शंखाकृती भागात ध्वनी ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत.

निवडीची रीत

प्रथम ध्वनिनियंत्रक शून्यावर आणून हेडफोन कानांवरून काढावा व कळ सर्वांत कमी वर्धनांकावर ठेवावी. नंतर हेडफोन घालून, आपल्या संग्रहातील सर्वांत मंद ध्वनिमुद्रण लावावे व आवाज हळूहळू वाढवावा. नियंत्रक शेवटपर्यंत जाण्याआधीच आवाज पुरेसा झाला, तर हेच स्थान योग्य होय. तो शेवटास पोहोचूनही गायन क्षीण वाटले, तरच वरचे स्थान घ्यावे. त्यापूर्वी नियंत्रक पुन्हा शून्यावर आणण्यास विसरू नये. हेडफोन वा संगीतसाधन बदलले की हीच कृती पुन्हा करावी.

या परीक्षेत एक सावधगिरी हवी. रागसंगीताची आलापी अतिशय मंद असते व तिच्यावरून आवाज ठरविला, तर द्रुत लयीत तबल्याचे बोल कानांवर आदळतात. म्हणून शेवटी त्याच ध्वनिमुद्रणातील सर्वांत मोठा भाग ऐकून आवाज कायम करावा.

नियंत्रक अर्ध्याहून अधिक फिरवावा लागला, तर वर्धक दुबळा आहे असे मानण्याचे कारण नाही. उलट, त्याचा पल्ला योग्य रीतीने वापरला जात आहे, असेच समजावे. जेवढ्याने काम भागते तेवढाच वर्धनांक घेणे, हा या विषयातील साधा नियम होय. तो पाळला असता संगीत स्वच्छ ऐकू येते, आणि ते ऐकणारे कानही दीर्घकाळ शाबूत राहतात.