राक्षसाचा जीव पोपटात : षट्चक्रांच्या दृष्टीने विचार

सात समुद्रांपलीकडे पोपट आणि त्या पोपटात राक्षसाचा जीव, ही गोष्ट आपल्या ठाणे-कल्याणकडच्या घरांत कोणी ऐकली नाही? अलीकडे योगवर्गांमुळे चक्रांची नावे डोंबिवलीच्या लोकलमध्येसुद्धा कानावर पडतात, आणि जुन्या कथांत चक्रे शोधण्याची हौसही वाढली आहे. ही हौस कुठवर योग्य, हे या एकाच कथेवरून पाहू.

मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी हिने आपली आया ॲना लिबराता डिसूझा हिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी 1868 साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ या इंग्रजी पुस्तकात प्रसिद्ध केल्या. त्यातील ‘पंचकिन’ ही आपलीच कथा. पंचकिन हा जादूगार एका राजकन्येला पळवतो. तिला सोडवायला येतील त्यांच्या शिळा करतो. पुढे तिचा मुलगा मोठा होऊन येतो. राजकन्या गोड बोलून जादूगाराचे मर्म काढून घेते. दूर अरण्यात ताडांचे वर्तुळ, मध्ये पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकावर एक रचलेल्या, आणि सर्वांत खाली पिंजऱ्यात हिरवा पोपट. मुलगा निघतो. वाटेत गरुडाच्या पिल्लांवर चाल करून आलेल्या सापाला तो मारतो. ती पिल्ले त्याला तिथवर नेतात. घागरी उलथून तो पोपट पकडतो, शिळा झालेल्यांना जिवंत करून घेतो आणि मग पोपटाची मान मुरगळतो. तिकडे जादूगार मरतो.

एकावर एक सहा घागरी म्हटल्यावर अभ्यासकाला काय आठवेल? मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध आणि आज्ञा. पाकळ्या अनुक्रमे 4, 6, 10, 12, 16 आणि 2, एकूण 50. पिंजरा तळाशी, कुंडलिनीही तळाशी. वा! सगळे जुळले, असे वाटते.

पण जरा थांबा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी कुंडलिनीला वेटोळे घालून निजलेल्या लहानशा नागिणीची उपमा दिली आहे. ती जागी करायची असते. कथेत तर साप मारला आहे! चक्रे क्रमाने भेदायची असतात. मुलाने घागरी एका झटक्यात उलथल्या. कुंडलिनी जागून मस्तकाकडे चढते. पोपट बिचारा मरतो. शिवाय आजीच्या गोष्टीत सहा घागरी नाहीत, सात समुद्र आहेत. मग कोणी म्हणेल, सहस्रार धरून सात झाले की! आकडा बदलला तरी जो अर्थ जुळतोच, तो कथेतून निघालेला नसतो, आपणच तिच्यात घातलेला असतो.

दृष्टांत एकदेशी असतो. त्याचे एक अंग घ्यावे, सर्वांगे ताणू नयेत. या कथेचे अंग घागरीत नाही, पोपटात आहे. जादूगार एवढा बलाढ्य. पण जीव सुरक्षित राहावा म्हणून त्याने तो बाहेर ठेवला, आणि जिथे ठेवला तिथेच त्याचे मर्म झाले. आपले तरी निराळे काय आहे? कोणाचा जीव हप्त्यावर घेतलेल्या घरात, कोणाचा मुलाच्या नोकरीत, कोणाचा चार लोकांच्या शाबासकीत. तिथे कोणी बोट लावले की इकडे आपण कासावीस. हीच ममता.

म्हणजे चक्रविद्या खोटी का? मुळीच नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातील मूळ श्लोकांत कुंडलिनीचे नावही नाही. निवृत्तिनाथांकडून आलेले नाथपंथाचे हे धन माउलींनी आदराने तिथे मांडले. पण बाराव्या अध्यायात त्याच माउलींनी या वाटेचे कष्ट सांगून भक्तीची वाट सोपी करून दाखवली. म्हणून पुस्तक वाचून, गुरूवाचून, श्वास कोंडण्याच्या फंदात पडू नये. गोष्टीत चक्रे मोजून तर कोणाचेच चक्र उघडत नाही.

साधकाने रोज निजण्यापूर्वी एवढेच पाहावे : आज कशाला धक्का लागला तेव्हा माझा जीव तळमळला? तोच आपला पिंजरा. मुलाबाळांची, घराची सेवा सोडायची नाही. तिथला जीव तेवढा उचलायचा आणि पांडुरंगाच्या पायी ठेवायचा. तिथवर कोणाचा हात पोचत नाही.

रामकृष्णहरी.